‘चा’, ‘ला’ आणि ‘कडे’ : कृत्रिम भाषांतील स्वामित्व आणि मराठीचा निकष

कृत्रिम भाषा म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा मंडळाने जाणीवपूर्वक रचलेली भाषा. आपल्या विद्यापीठीय अभ्यासात तिला जवळजवळ स्थान नाही. एस्परांतोचे नाव एखाद्या टिपणात येते आणि ‘हा प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही’ एवढ्या वाक्यावर विषय मिटतो. प्रसाराच्या दृष्टीने हे विधान कोणी मान्य करील, कोणी करणार नाही. तो प्रस्तुत लेखाचा विषय नाही. येथे कृत्रिम भाषेकडे वेगळ्या हेतूने पाहायचे आहे. नवी भाषा रचणाऱ्यास प्रत्येक व्याकरणिक कोटीविषयी निर्णय घ्यावा लागतो. जे आपण जन्मतः न कळत करतो ते त्याला विचारपूर्वक करावे लागते. त्याचा निर्णय आपल्या भाषेशेजारी ठेवला की आपल्या भाषेने कोणता निर्णय घेतला आहे ते दिसू लागते. स्वामित्वसंबंधाच्या बाबतीत तर ते फारच स्पष्ट दिसते, आणि मराठीच्या पाठ्यपुस्तकी व्याकरणाने तेच झाकून ठेवले आहे, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. गावाच्या नावातच आपला प्रश्न दडलेला आहे. ‘राणी’ आणि ‘सावरगाव’ ही दोन नामे शेजारी उभी आहेत; मध्ये ‘चे’ नाही. हे राणीचे सावरगाव, की राणी म्हणावे असे सावरगाव, की इतर सावरगावांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून लावलेले नुसते उपपद, याचे उत्तर नावाच्या रूपातून मिळत नाही. समासाने संबंध सांगितला, संबंधाचा प्रकार सांगितला नाही. आता अशा गावातील एका कास्तकाराचा संसार नव्या भाषेत मांडायचा आहे, असे समजू. त्याला दोन भाऊ आहेत. त्याला पाच एकर जमीन आहे. त्याच्याकडे शेजाऱ्याची तीन एकर जमीन बटईने आहे. त्याच्याकडे दोन बैल आहेत. या घडीला त्याच्याजवळ शंभर रुपये आहेत. आज त्याला ताप आहे. एका संसाराच्या या सहा वाक्यांत मराठीने तीन वेगवेगळ्या रचना वापरल्या, आणि ‘जवळ बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद एकदाही वापरले नाही.

ही सहा वाक्ये एस्परांतोत नेली की काय होते ते पाहण्यासारखे आहे. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या या भाषेत ‘हावी’ हे एक क्रियापद आहे. योगायोग असा की तेथेही प्रथमपुरुषी एकवचन ‘मी’ असेच आहे. ‘मी हावास’ म्हटले की पुढे भाऊ, जमीन, बैल, रुपये, ताप काहीही द्वितीयेत ठेवता येते. सहाही वाक्यांचा साचा एक होतो. कर्ता धरणारा, कर्म धरलेले. आपल्या कास्तकाराने जसे बैल धरले तसाच ताप धरला, आणि भाऊही तसेच धरले. हा दोष एकट्या झामेनहॉफ यांचा नव्हे. पश्चिम युरोपातील बहुतेक भाषांची रीत हीच आहे. सोपेपणा हा त्यांचा उद्देश होता आणि एका क्रियापदाने तो साधतो. मात्र सोपे झाले ते कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. मराठी भाषकाला ‘हावी’ शिकताना आपल्या मनातील तीन खणांतल्या वस्तू एका पेटीत भराव्या लागतात.

नामपदबंधातही तेच. एस्परांतोत नामांचा संबंध ‘दे’ या शब्दयोगाने दाखवतात. देवीची जमीन, देवीचा पुजारी, देवीचा प्रसाद, देवीचा मुखवटा या चारही ठिकाणी ‘दे’च. आणि हेच ‘दे’ ‘पासून’ या अर्थीही येते, कर्तरी संबंधही तेच दाखवते. त्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी पुढे काही एस्परांतो लेखकांनी कर्त्यापुरते ‘फार’ हे वेगळे अव्यय वापरात आणले. येथे मराठी वाचकाने फार हसू नये. देवीच्या या चारही पदबंधांत आपणही ‘चा-ची-चे’ यांखेरीज काही वापरलेले नाही. जमीन देवीच्या मालकीची, पुजारी तिच्या सेवेतला, प्रसाद तिच्याकडून आलेला, मुखवटा तिचे रूप दाखवणारा, प्रत्यय एकच. संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीला कारकांत बसवले नाही आणि इतर विभक्तींतून जे संबंध उरतात त्यांच्यासाठी ती राखून ठेवली, त्यामागील शहाणपण हेच होते. षष्ठी म्हणजे उरलेल्यांची विभक्ती. आपल्या शालेय तक्त्यांत मात्र ‘षष्ठी : मालकी’ असे एका शब्दात लिहिले जाते आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही तेच पाठ करून येतो.

‘चा’विषयी आणखी एक गोष्ट एस्परांतोच्या शेजारी ठेवल्यावर नीट दिसते. तेथे ‘मीआ’, ‘वीआ’, ‘नीआ’ ही स्वामित्वदर्शक रूपे विशेषणे आहेत. विशेषणाचा ‘आ’ त्यांना लागतो आणि नामाचे वचन व द्वितीया ती घेतात. मराठीत माझा बैल, माझी गाय, माझे वासरू असे होते तेव्हा ‘माझा’ हेही विशेषणच असते. फरक असा की मराठीत ही गोष्ट सर्वनामापुरती थांबत नाही. देवीचा, देवीची, देवीच्या देवळात असे कोणतेही नाम ‘चा’ घेऊन विशेषण बनते आणि पुढच्या नामाचे लिंग, वचन, सामान्यरूपही स्वीकारते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून संस्कृतच्या वळणाचा विभक्तीतक्ता आपल्याकडे रूढ झाला. पण ज्या प्रत्ययाला स्वतःचेच लिंगवचन आहे त्याला इतर विभक्तिप्रत्ययांच्या रांगेत बसवणे अवघड जाते. त्यास विशेषणसाधक प्रत्यय म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

षष्ठीच्या या सरसकटपणावर कृत्रिम भाषाकारांनी काढलेले उपाय आता पाहू. व्होलाप्यूक ही योहान मार्टिन श्लायर यांनी एस्परांतोच्या आधी, १८७९-८० च्या सुमारास रचलेली भाषा. तिच्या नावातच षष्ठी आहे : ‘व्होल’ म्हणजे जग, ‘अ’ हा षष्ठीचा प्रत्यय, ‘प्यूक’ म्हणजे भाषा. तिने मात्र भेद केला नाही; तीही सरसकट षष्ठीच. जे. आर. आर. टोल्किन यांच्या क्वेन्या भाषेत खरा भेद आढळतो. तेथे ‘ओ’ हा प्रत्यय उगम, अंशांशिभाव, नाते अशा संबंधांसाठी आणि ‘वा’ हा प्रत्यय मालकीसाठी आहे. एखाद्या देवतेचे शिंग तिच्या हातात, तिच्या मालकीचे असेल तर ‘वा’. ते तिच्याकडून आलेले असेल तर ‘ओ’. आपल्या उदाहरणात देवीच्या जमिनीला ‘वा’ लागेल आणि देवीच्या प्रसादाला ‘ओ’. टोल्किन हे व्यवसायाने भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यामुळे हा भेद त्यांना सुचला यात नवल नाही. भाविकाला मात्र प्रसाद ‘देवीकडून आलेला’ आणि जमीन ‘देवीची’ हे वेगळे सांगावे लागत नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते.

मार्क ओक्रँड यांनी चित्रपटासाठी रचलेल्या आणि १९८५ साली कोशरूपाने प्रसिद्ध झालेल्या क्लिंगॉन भाषेत निकष वेगळा आहे. तेथे वस्तू बोलू शकते की नाही, यावर प्रत्यय ठरतो. माझे घर म्हणताना ‘विज’, माझा मित्र म्हणताना ‘वि’ (शेवटी कंठस्तंभ). बोलणाऱ्या प्राण्यास ‘विज’ लावणे व्याकरणाने अशक्य नाही, पण तो अपमान समजला जातो. या हिशेबाने आपल्या कास्तकाराचे भाऊ एका प्रत्ययात जातील; बैल, जमीन आणि ताप दुसऱ्यात. पोळ्याच्या दिवशी ज्याची पूजा होते तो बैल ‘विज’ घेणार, हे आपल्याला जड वाटेल. पण गंमत अशी की मराठीनेही त्याला ‘कडे’तच ठेवले आहे. ‘त्याला दोन भाऊ आहेत’ सहज चालते. ‘त्याला दोन बैल आहेत’ कानाला अडखळते.

या संदर्भात सर्वांत काटेकोर प्रयत्न लोज्बान या भाषेत दिसतो. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली सुरू केलेल्या लोगलान या तार्किक भाषेतून ती १९८७ साली वेगळी झाली. तिचे शब्द सहा भाषांतील शब्दांच्या मिश्रणातून तयार केले गेले आणि त्यांत हिंदी आहे. नामापुढे संबंध जोडताना लोज्बान तीन प्रकार करते. ‘पे’ म्हणजे केवळ साहचर्य. ‘पो’ म्हणजे विशेष संबंध, त्या व्यक्तीपुरता राखलेला. आणि तिसरा म्हणजे अंगभूत, न तुटणारा संबंध. या तिसऱ्याचे लेखन रोमन लिपीत मधल्या ऊर्ध्वचिन्हासह होते आणि त्या चिन्हाचा उच्चार ‘ह’ आहे, म्हणून आपण तो लिहिला तर ‘पोहे’ असा लिहावा लागतो. माझा हात म्हणजे ‘ले बिर्का पोहे मी’. वर्गात हे उदाहरण कोणी विसरत नाही. ज्या खुर्चीवर मी आत्ता बसलो आहे ती ‘पे’. जी माझ्यासाठीच ठेवलेली असते ती ‘पो’. हात मात्र ‘पोहे’.

याहून महत्त्वाची गोष्ट लोज्बानच्या वाक्यात आहे. तेथे मालकी आणि कब्जा यांना दोन स्वतंत्र विधेये आहेत : ‘पोन्से’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा स्वामी असणे, ‘राल्ते’ म्हणजे ती ताब्यात ठेवणे. नात्यांसाठी तर ‘असणे’ किंवा ‘बाळगणे’ लागतच नाही, कारण ‘भाऊ’ हाच दोन व्यक्तींना जोडणारा विधेयशब्द आहे. ‘रे दा ब्रूना मी’ याचा अर्थ ‘दोन कोणी माझ्याशी भाऊपणाने जोडलेले आहेत’. आपले ‘मला दोन भाऊ आहेत’ याच्या पुष्कळ जवळ हे येते. एस्परांतोच्या ‘हावास’पेक्षा तर नक्कीच.

येथवर आल्यावर मराठीचा स्वतःचा निर्णय सांगता येतो. ‘चा’ने जे सपाट केले ते मराठी वाक्याच्या विधेयभागात पुन्हा उंचसखल करते. ‘ला’ लावून जे येते ते पाहा : झाडाला पाने आहेत, घराला दोन दारे आहेत, गावाला वेस आहे, त्याला बहीण आहे, तिला ताप आहे, मला वेळ नाही. भाग, अवयव, नाते, अवस्था. भाषाविज्ञानात ज्यास अविच्छेद्य स्वामित्व म्हणतात त्याचे हे क्षेत्र आहे, असे पहिल्या दृष्टीस वाटते. जगात अनेक भाषा हा भेद नामपदबंधात करतात. हवाई बेटांच्या भाषेत तर प्रत्येक स्वामित्वदर्शक शब्द ‘आ’ वर्गाचा की ‘ओ’ वर्गाचा हे ठरवावेच लागते. तेथे अपत्य एका वर्गात जाते आणि आई दुसऱ्यात. मराठीत हे काम ‘ला’ आणि ‘कडे’ करतात. ‘माझ्याकडे दोन मुले आहेत’ असे कोणी म्हटले तर ती त्याची असतीलच असे नाही. ती शिकायला राहिलेली भाचरेही असू शकतात.

परंतु ‘अविच्छेद्य’ ही संज्ञा पुरेशी नाही. आपल्या सहा वाक्यांतील दुसरे वाक्य तिला छेद देते. जमीन विकता येते, गहाण पडते, वाटणीत जाते. तरीही ‘त्याला पाच एकर जमीन आहे’ असेच आपण म्हणतो. पैसा विकण्याघेण्याच्या बाबतीत जमिनीसारखाच, पण ‘त्याला पैसा आहे’ म्हणत नाही. ‘त्याच्याकडे पैसा आहे’. मोटार ‘कडे’. सोने ‘कडे’ किंवा ‘जवळ’. दुकान आणि गिरणी यांची वाट तिसरीच. ‘त्याचे दुकान आहे’, ‘त्याची गिरणी आहे’. आणि ‘त्याला नोकरी आहे’, ‘त्याला पेन्शन आहे’ या वाक्यांत पुन्हा ‘ला’. नोकरी सुटू शकते, तिला अवयव कसे म्हणावे?

माझ्या मते ‘ला’चा निकष तुटणे-न तुटणे हा नसून, ज्या गोष्टीने माणसाचे ठिकाण ठरते ती गोष्ट ‘ला’ घेते. भाऊ, अवयव, जमीन, नोकरी यांवरून माणूस कोण आणि कोठला हे ठरते. मोटारीवरून ठरत नाही, निदान भाषेने अजून तसे मानलेले नाही. लग्न जुळवताना विचारला जाणारा प्रश्न याचा उत्तम पुरावा आहे. ‘मुलाला जमीन किती?’ असेच विचारतात. ‘मुलाकडे जमीन किती?’ असे विचारले तर ऐकणाऱ्याला शंका येईल की ही मंडळी बटईचेही एकर मोजताहेत काय. ज्याची चौकशी चालली आहे त्याला आपण ‘स्थळ’ म्हणतो, हेही सहज आठवते.

बटईचे तीन एकर हे वाक्य म्हणूनच ‘कडे’ घेते, आणि येथे भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना ‘कब्जा’, ‘पट्टेदार’, ‘कास्तकार’ हे महसुली शब्द बोलीत मुरले. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने संरक्षित कूळ ही कोटी निर्माण केली. ज्याच्याकडे जमीन आहे, पण ज्याला जमीन नाही, अशा माणसाला कायद्याने संरक्षण दिले ते तेव्हा. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. आजच्या सातबाऱ्यावर नाव असते ते भोगवटादाराचे. ‘मालक’ हा शब्द तेथे शोधून सापडत नाही. आपला कास्तकार ‘मला जमीन आहे’ म्हणतो आणि उतारा म्हणतो की भोगवटा त्याचा आहे. देवस्थान इनामाच्या जमिनीत तर हे आणखी गुंतते. जमीन देवीची, वहिवाट पुजाऱ्याची, प्रत्यक्ष कसणारा तिसराच. बोली मराठीत ही तिन्ही विधाने विनासायास होतात : जमीन देवीची आहे, ती पुजाऱ्याकडे आहे, आणि कसतो अमुक. एस्परांतोत पहिल्या दोन विधानांसाठी ‘हावी’ अपुरे पडते आणि ‘पोसेदी’सारखे दुसरे क्रियापद शोधावे लागते, लोज्बानमध्ये ‘पोन्से’ आणि ‘राल्ते’ यांनी काम भागते. इंग्रजीतून झालेले कितीतरी ग्रामीण कथांचे अनुवाद मी पाहिले आहेत ज्यांत जमीन सरसकट ‘त्याच्याजवळ’ येऊन पडलेली असते. अनुवादकाच्या शब्दसंपत्तीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मूळ वाक्यातील एका क्रियापदाला तीन दारे आहेत याची जाणीव त्याला कोणी दिलेली नसते.

नामपदबंधात ‘चा’ अगदीच हतबल आहे, असेही समजू नये. तो दुसऱ्या शब्दयोगी अव्ययावर स्वार होऊ शकतो. ‘माझी जमीन’ आणि ‘माझ्याकडची जमीन’ यांत भेद आहे. ‘देवाचे प्रेम’ आणि ‘देवावरचे प्रेम’ यांतही. ‘देवळातला’, ‘वेशीजवळचा’, ‘बापाकडून आलेला’ अशी रूपे करून मराठी हवा तो भेद नामाशेजारी आणते. मात्र ‘ला’वर ‘चा’ चढत नाही. ‘मलाची जमीन’ हे मराठी नव्हे. ‘ला’चा संबंध नामपदबंधात आला की तो निमूटपणे ‘माझी’ होतो. म्हणजे जो संबंध सर्वांत घट्ट, त्यालाच साधा ‘चा’. जो सैल, त्याला वर आणखी एक शब्द. लोज्बानने ‘पे’ सैल आणि ‘पोहे’ घट्ट असे ठरवताना घट्ट संबंधास लांब रूप दिले. मराठीची रीत याच्या उलट आहे.

सर्वनामांविषयी थोडक्यात. ‘आमचे शेत’ आणि ‘आपले शेत’ यांत ऐकणारा वाटेकरी आहे की नाही हे मराठी सांगते. एस्परांतोचे ‘नीआ’ सांगत नाही, लोज्बान ‘मिहो’ आणि ‘मिहा’ असे दोन शब्द ठेवते. एस्परांतोत ‘सीआ’ हे आत्मवाचक रूप आहे, पण केवळ तृतीयपुरुषासाठी. मराठीत ‘त्याने आपला बैल विकला’ आणि ‘त्याने त्याचा बैल विकला’ यांतील दुसऱ्या वाक्याने भांडण लागू शकते. मराठवाड्याच्या काही भागांत ‘माझा’च्या जोडीला ‘मपला’ आणि ‘तुझा’च्या जोडीला ‘तुपला’ ही रूपे ऐकू येतात. त्यांत ‘आपला’चा अंश स्पष्ट दिसतो. ही रूपे ‘माझा-तुझा’ यांचे केवळ पर्याय आहेत, की त्यांना आपुलकीची वा हक्काची वेगळी छटा आहे, याचा गावोगाव जाऊन कोणी अभ्यास केला तर तो स्वामित्वाच्या मराठी व्यवस्थेत मोलाची भर घालील.

लिपी रचणे आणि भाषा रचणे यांत गल्लत होऊ नये. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या. आतले व्याकरण मराठीच राहिले. मुलांच्या ‘च’च्या भाषेचेही तसेच. तिच्या एका प्रकारात शब्दाचे पहिले व्यंजन शेवटी नेऊन त्या जागी ‘च’ ठेवतात, ‘माझी वही’ म्हणजे ‘चाझीम चहीव’. ध्वनी उलटेपालटे झाले, पण ‘माझी’ने वहीचे स्त्रीलिंग सोडले नाही. शब्द बदलून किंवा आवाज लपवून नवी भाषा होत नाही. संबंधांचे खण बदलले तरच ती होते, आणि ते धाडस मुलांना करावेसे वाटत नाही; अनेक प्रौढ भाषाकारांनाही वाटलेले नाही.

वर्गात हा पाठ घेताना विद्यार्थ्यांना प्रत्ययांचा तक्ता करायला सांगू नये. त्यांच्या गावातील एका घराची वीस विधाने आणायला सांगावीत : जमीन, नाती, जनावरे, उसनवारी, आजार, देवाचे, सरकारचे. मग त्यांनी स्वतःच्या नव्या भाषेत किती खण ठेवायचे ते ठरवावे आणि प्रत्येक विधान कोठे गेले ते लिहावे. पहिल्या खेपेस बहुतेकांच्या हातून एकच क्रियापद तयार होते, इंग्रजीच्या वजनाचे. दुसऱ्या खेपेस कोणीतरी बटईच्या तीन एकरांपाशी अडतो आणि विचारतो की ही जमीन ‘आहे’ म्हणायची की ‘नाही’.